अर्धमेल्यांचा वैरी

सर्व्हर बंद पडला म्हणून कुणी धावत आलं तरी नाना खुर्चीवरून हलत नाहीत. "पडला की पडल्यासारखा वाटतोय?" एवढंच विचारतात. येणाऱ्याला हा प्रश्न आचरट वाटतो. स्क्रीन काळी, फोन खणखणतायत, शाखाधिकारी बोंबलतोय, आणि हा गृहस्थ वाटण्याबद्दल विचारतो! पण नानांचा सगळा धंदा, सगळी विद्या आणि बराचसा स्वभाव या एका प्रश्नात मावतो. मेलेल्या मशीनबद्दल त्यांची काही तक्रार नसते. सुटलं बिचारं. त्यांचं वैर आहे ते अर्धमेल्याशी. म्हणजे जे हाकेला ओ देत नाही पण डिस्कवर मात्र लिहीत बसलंय, किंवा मिनिटभर बेशुद्ध पडून उठल्यावर मधे काय झालं याची चौकशी न करता आपलं उरलेलं वाक्य पुरं करतं, असं.

असा एक तरी नाना पुण्यातल्या प्रत्येक जुन्या आयटी कंपनीत असतो. स्टोरेजच्या दुनियेतल्या व्हेरिटासचं मोठं ऑफिस पुण्यात होतं, आणि फाइलसिस्टीम ही नुसती वापरायची नसून कुणीतरी बसून लिहायची वस्तू असते हे इथल्या पुष्कळ पोरांना तिथं कळलं. नाना त्या वाऱ्याला लागलेल्या पिढीचे. चौकड्यांचा हाफ शर्ट, खिशात टॉर्च, सॅकमध्ये एक निळी सिरियल केबल (जिचं टोक बसेल असं मशीन आता शोधावं लागतं) आणि भर मे महिन्यात स्वेटर, कारण सर्व्हर रूममध्ये कायम महाबळेश्वर असतं.

निविदा लिहायचं काम माझ्याकडे असल्यामुळे नानांबरोबर गिऱ्हाइकाकडे जाण्याचा योग वारंवार येतो. आमचा विक्रीवाला महिनाभर खपून गिऱ्हाइकाला मोठ्ठं क्लस्टर (म्हणजे मिळून काम करणाऱ्या मशीनांची टोळी) घ्यायला राजी करतो आणि नाना चहा येईपर्यंत ते निम्म्यावर आणतात. एका पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी तर सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"आमचा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, सेफ घ्या. नावातच सेफ आहे."

"ते ऑक्टोपसच्या जातीवरून पडलंय," नाना म्हणाले. "पण माल चांगला आहे. सेज वाइल म्हणून एक पोरगा, त्यानं सांताक्रूझला पीएचडी करता करता बनवलं."

"सांताक्रूझला? म्हणजे आपल्याच इथं की!"

"कॅलिफोर्नियातल्या. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतं ते, तीन वेगळ्या मशीनांवर. तुमच्याकडे मशीनं किती?"

"दोन."

"मग राहू द्या."

यानंतर नानांचा ठेवणीतला प्रश्न आला. एकच फाइल एकाच क्षणी दोन मशीनांवरून लिहायची गरज आहे का? चेअरमनसाहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं कॉम्प्युटर विभागाकडे, कॉम्प्युटर विभागानं पंख्याकडे. या प्रश्नाचं उत्तर शंभरातल्या बहुतेकांकडे 'नाही' असंच असतं, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं. "मग साधं एक्सएफएस नाहीतर ईएक्सटी4 घ्या," नाना म्हणाले. "ईएक्सटी4 कुरकुर न करता चालतं. एक्सएफएस मोठ्या फायलींना बरं, फक्त एकदा वाढवलं की कमी करायचं नाव काढायचं नाही. खाली डीआरबीडी टाकू, ते एका मशीनचा प्रत्येक ब्लॉक तारेवरून दुसऱ्याच्या डिस्कवर उतरवत राहील. वर पेसमेकर, कुठल्या मशीननं काम करायचं ते ठरवायला. एक मशीन काम करेल, दुसरं बघत बसेल."

"बघत बसेल?" चेअरमनसाहेब पुढे सरकले. "एवढ्या किमतीचं मशीन नुसतं बघत बसेल?"

"तुमचे उपाध्यक्ष काय करतात?"

खोलीत शांतता पसरली. उपाध्यक्ष शेजारीच बसले होते. पण ऑर्डर मिळाली, आणि ती उपाध्यक्षांच्या सहीनं.

गिऱ्हाइकाला पाच नऊ हवे असतात. म्हणजे 99.999 टक्के वेळ यंत्रणा चालू. नाना पाकिटाच्या मागे हिशेब करून दाखवतात: वर्षाला सव्वापाच मिनिटं बंद राहायची मुभा. "आत्ता वर येताना तुमच्या लिफ्टमध्ये आम्ही त्याहून जास्त वेळ अडकलो होतो." मग गिऱ्हाईक तीन नवांवर येतं. तीन नऊ म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. तेवढ्यात नाना झोप काढूनही मशीन उभं करू शकतात.

नव्या पोरांना नाना पहिल्याच दिवशी एक पाप करायला लावतात. दोन व्हर्च्युअल मशीनं, दोघांत मिळून एक डिस्क, तिच्यावर ईएक्सटी4. पहिल्यावर माउंट करा. झालं? आता तीच डिस्क दुसऱ्यावरही माउंट करा. पोरं करतात आणि काहीही बिघडत नाही. पहिल्यावर एक फाइल तयार केली, दुसऱ्यावर एलएस मारलं, तर ती दिसत नाही. दुसऱ्यावर वेगळी फाइल केली, ती पहिल्याला दिसत नाही. दोघंही आपापल्या मेमरीतला नकाशा खरा धरून चालतात आणि रिकामा ब्लॉक म्हणून दोघं नेमका तोच उचलतात. थोडा वेळ असा सुखाचा संसार झाला की नाना दोन्हीकडून अनमाउंट करायला लावतात आणि एफएसचेक चालवतात. स्क्रीनवर ओळी पळू लागतात. या आयनोडचा हिशेब जुळत नाही, त्या डिरेक्टरीला आईबाप नाहीत, अमुक ब्लॉकवर दोन फायलींचा हक्क. एकच प्लॉट बिल्डरनं दोघांना विकावा आणि दोघांकडेही रीतसर खरेदीखत असावं, तसला मामला. शेवटी लॉस्ट अँड फाउंड नावाच्या डिरेक्टरीत नावाऐवजी नुसते आकडे धारण केलेल्या बेवारस फायली उरतात.

"काम करताना एरर आला होता?" नाना विचारतात.

"नाही सर."

"कुणाची तक्रार?"

"नाही."

"म्हणजे दिवस चांगला गेला म्हणायचा," असं म्हणून नाना डिस्क पुसतात आणि पुढच्या पोराला बोलावतात. एक मुलगी त्याच संध्याकाळी वेब डिझाइनकडे बदली मागून गेली. नानांच्या मते त्या तुकडीत शहाणी तेवढीच होती.

ज्यांना खरोखरच दोन-तीन मशीनांवरून एकाच डिस्कवर लिहायचं असतं त्यांच्यासाठी जीएफएस2 आणि ओरॅकलचं ओसीएफएस2. दोन्ही 2006 साली लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. तिथं फायलीला हात लावण्याआधी कुलूप मागावं लागतं आणि कुणाकडे कुठलं कुलूप आहे याचा हिशेब डीएलएम नावाचा कारकून सगळ्यांमध्ये फिरवत राहतो. प्रत्येक मशीनला स्वतःचं जर्नल, म्हणजे बदल आधी टिपून ठेवायची वही, लागतं. तीन मशीनं असली तर नाना चार जर्नलं पाडतात आणि कुणी विचारलं तर "चौथा येतोच" म्हणतात. जीएफएस2 फॉरमॅट करतानाच क्लस्टरचं नाव त्यात कोरलं जातं, म्हणून नावाच्या बाबतीत त्यांचा कटाक्ष फार. आधीच्या कुणा कंत्राटदारानं घाईत घातलेल्या नावामुळे एका कारखान्याचा सगळा पगार आजही 'टेस्ट2' नावाच्या क्लस्टरवरून होतो. आणि माउंट करताना नोएटाइम लावायचंच. फाइल नुसती वाचली तरी शेवटची कधी वाचली ते लिहून ठेवायची युनिक्सची जुनी खोड आहे. एकट्या मशीनवर ती खपून जाते, पण क्लस्टरमध्ये वाचणाऱ्यालाही लिहिण्याचं कुलूप मागत फिरावं लागतं.

कुलपांवरून आठवलं. एका गिऱ्हाइकाचं तीन मशीनांचं क्लस्टर रोज पहाटे चारच्या सुमाराला गुंगीत जायचं. मरायचं नाही आणि चालायचंही नाही, म्हणजे नानांच्या नेमक्या वर्मावर बोट. तिथल्या मंडळींनी तोवर यूपीएस बदलला होता, एसीची सर्व्हिसिंग करून घेतली होती, उंदरांसाठी पिंजरा लावला होता आणि एका संचालकांनी रॅकचं तोंड उत्तरेकडे फिरवून घेतलं होतं. नाना स्वेटर घालून रात्रभर बसले. चार वाजून दोन मिनिटांनी तिन्ही मशीनांवर एकच प्रोग्राम उठला: अपडेटडीबी. लोकेट नावाच्या कमांडसाठी डिस्कवरच्या झाडून सगळ्या फायलींची यादी करणारा. त्या काळच्या रेड हॅटमध्ये रोजची ठरावीक कामं चार-दोनलाच सुटायची. म्हणजे तिघं मिळून लाखो फायलींची तीच यादी, त्याच मिनिटाला, एकमेकांच्या हातातली कुलपं हिसकावत करत होते. आणि लोकेट कमांड तिथं कुणी जन्मात वापरली नव्हती. जीएफएस2 वगळा, असा एक शब्द नानांनी त्या प्रोग्रामच्या कॉन्फिग फायलीत वाढवला आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं परत आले. उत्तरेमुळे गुण आला असं संचालकांचं अजूनही ठाम मत आहे. पिंजराही ठेवलाय.

पण नानांचा खरा जीव फेन्सिंगमध्ये. एक मशीन बोलेनासं झालं की उरलेल्यांनी काय करायचं? आपण माणसं फोन करू, माणूस पाठवू, वाट बघू. नानांचं शास्त्र सांगतं, त्याची वीज तोडा. स्टोनिथ म्हणतात त्याला, म्हणजे शेजाऱ्याच्या डोक्यात सरळ गोळी. ती लागल्याची खात्री झाल्याशिवाय त्याच्या डिस्कला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला हे फार निर्दय वाटतं. आपल्याच पैशानं घेतलेल्या मशीनची वीज आपणच तोडायची? मग कुणीतरी हौशी भिडू इंटरनेटवरून शोधून 'स्टोनिथ एनेबल्ड इक्वल्स फॉल्स' ही ओळ कॉन्फिगमध्ये घालतो. सगळे इशारे बंद होतात, सगळीकडे हिरवं दिसतं. ही ओळ कुठं आढळली की नाना चष्मा काढून पुसतात आणि कुणाशी न बोलता जेवायला निघून जातात. परत आल्यावर बोलतात, पण ते इथं छापण्यासारखं नसतं.

एका संस्थेच्या नव्या सर्व्हर रूमचं उद्‌घाटन होतं. रॅकला झेंडूचा हार, दोन्ही मशीनांना हळदकुंकू, नारळ बाहेर पॅसेजमध्ये फोडलेला. अध्यक्षांचं भाषण झालं, पेढे फिरले, आणि नाना रॅकच्या मागून म्हणाले, "काढू का?" काय काढायचं ते कुणाला कळायच्या आत त्यांनी चालू मशीनच्या दोन्ही पॉवर केबली ओढल्या. अर्ध्या मिनिटात दुसऱ्यानं सूत्रं हातात घ्यायला हवी होती. घेतली नाहीत. मिनिट झालं, दोन झाली. अध्यक्षांच्या हातातला पेढा हातातच. सगळे घामाघूम, आणि रॅकच्या मागे नाना मात्र अगदी खुशीत! "सापडलं!" म्हणून ओरडले. झालं असं होतं की दुसरं मशीन शास्त्राप्रमाणे पहिल्याची वीज तोडायला निघालं, पण तो हुकूम पहिल्याच्याच पोटातल्या मॅनेजमेंट कार्डाला द्यायचा होता, आणि त्या कार्डाला वीज त्याच दोन केबलींतून मिळत होती. कार्ड गप्प, म्हणून मेल्याची खात्री नाही, म्हणून दुसरं जागचं हलायला तयार नाही. नानांनी त्याच दुपारी हुकुमावर बंद होणारी पॉवर स्ट्रिप मागवून दुसरी पातळी लावली. कार्ड बोललं नाही तर स्ट्रिपला सांगायचं. निघताना अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नारळ पॅसेजमध्ये फोडला म्हणून का हो?"

गोळी कुणी कुणाला घालायची यातही मेख आहेच. डिसेंबर 2012 मधली गिटहबची हकिकत नाना रंगवून सांगतात. फायली सांभाळणाऱ्या मशीनांच्या जोड्या, डीआरबीडी, पेसमेकर, सगळा नानांच्याच घरचा मेनू. नेटवर्कच्या स्विचांत घोळ झाला, जोडीदाराचा श्वास ऐकू येईना, आणि काही जोड्यांतल्या दोघांनीही एकमेकांना एकाच वेळी उडवलं. "दोघंही नियमानंच वागले," हे सांगताना नानांचा गळा दाटून येतो. तेव्हापासून ते जोडीतल्या एकाच्या बंदुकीला काही सेकंदांची दिरंगाई लावतात. भांडणात निदान एक तरी उरावा.

आणि शक्यतो तिसरं मत असावं. अर्ध्याहून जास्त मतं ज्या बाजूला, तिलाच लिहिण्याचा अधिकार. पाचात तीन, तिनात दोन. दोनात एक म्हणजे निम्मं, आणि निम्मं म्हणजे नानांच्या लेखी शून्य. या एका तत्त्वापायी त्यांचं सोसायटीत कुणाशी पटत नाही. वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही, सभा अर्धा तास तहकूब झाली. अर्ध्या तासानं तीच माणसं, त्याच सतरंजीवर, आणि आता म्हणे गणपूर्ती लागत नाही. उपविधीतच तसं लिहिलंय. नाना उभे राहिले.

"मघाशी सात जण होतो तेव्हा चालत नव्हतं. आता सहा आहोत, तर चालतं?"

"जोशीकाका चहाला गेलेत, येतील."

"तो मुद्दा नाही! जे आले नाहीत ते समजा गच्चीवर जमले, त्यांनीही अर्धा तास वाट बघितली आणि दुसरी सभा घेतली तर? दोन सभा, दोन कमिट्या, पाण्याच्या टाकीचे दोन ठराव. कुठला खरा?"

"नाना," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "गच्चीची किल्ली माझ्याकडे असते."

नाना खाली बसले. "मग हरकत नाही," असं शेजाऱ्याला म्हणाले, "फेन्सिंग आहे." त्या वर्षी सेक्रेटरींच्या फेरनिवडीला त्यांनी अनुमोदन दिलं.

घरी मात्र शास्त्र चालत नाही. वहिनी माहेरी गेल्या होत्या तेव्हा नानांनी दोन तासांत सात वेळा फोन केला. सातव्यांदा त्या म्हणाल्या, "अहो, झोपले होते मी. आता काय माझी वीज तोडणार आहात?"

नानांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो दोन्ही बाजू जिवंत राहिल्या म्हणजे. तार तुटते, फेन्सिंग आधीच कुणीतरी बंद केलेलं असतं, दोन्ही मशीनं स्वतःला मुख्य समजून तासभर व्यवहार लिहितात. तार जोडल्यावर डीआरबीडीला कळतं की दोन इतिहास तयार झालेत, आणि ते संबंध तोडून गप्प बसतं. आता माणसानं बळी निवडायचा. एका बाजूचा तास पुसून टाकायचा. अशा एका रात्री नाना स्पीकरवर गिऱ्हाइकाला समजावत होते. "साहेब, डावीकडच्या नोंदी ठेवू की उजवीकडच्या?"

"दोन्ही ठेवा."

"दोन्ही ठेवता येत नाहीत."

"मग जास्त रक्कम ज्यात आहे त्या ठेवा."

"जमेची की नावेची?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर संचालक मंडळाची तातडीची बैठक बोलावतो असा निरोप आला. ती भरेपर्यंत नानांनी दोन्ही डिस्कांच्या प्रती काढून, लॉग चाळून, उजवीकडचे सगळे व्यवहार एका कागदावर उतरवले आणि डावीकडे हातानं चढवायला दोन कारकून बसवले. बैठकीत गणपूर्ती झाली नाही.

रेड हॅटनं दहाव्या आवृत्तीपासून जीएफएस2 ला रजा दिली तेव्हा नाना खचतील म्हणून पोरांनी वर्गणी काढून सामोसे आणले. नानांनी दोन खाल्ले. "बरं झालं," म्हणाले. "चौघांना लागत होतं, चाळीस जणांनी घेतलं होतं." पोरांचा भर आता क्लाउडवर. तिथं डिस्क दिसत नाही, केबल ओढता येत नाही, बिल तेवढं दिसतं. नाना त्यांच्या मागे उभे राहून बघतात आणि मधेच एखाद्या सेफ क्लस्टरच्या सेटिंगवर बोट ठेवतात. "प्रती दोन, आणि एक शिल्लक असली तरी लिहू द्यायचं? कुणी ठरवलं हे?" पोरगा खर्चाचं कारण देतो. नाना काही बोलत नाहीत, त्याच्या टेबलावरून सामोसा उचलतात.

परवा एका गिऱ्हाइकाशी फोनवर चाललं होतं. मशीनं दोनच, तिसऱ्याला बजेट नाही. नाना म्हणाले, मशीन नको, मत द्यायला साक्षीदार पुरे. जुना लॅपटॉपही चालेल, फक्त तो वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या विजेवर हवा. गिऱ्हाईक खूश. "रिसेप्शनवर एक पडलाय, तोच लावतो."

"रिसेप्शनचा प्लग रात्री कुणी काढतं का?"

"छे हो! कोण काढणार?"

"विचारून बघा."

फोन होल्डवर गेला. पलीकडून पावलं, हाका, दार उघडल्याचा आवाज. मग गिऱ्हाईक परत आलं, जरा पडेल आवाजात. "वॉचमन काढतो म्हणे. अकराला. त्याला मोबाइल लावायचा असतो."

"त्याला फोनवर द्या," नाना म्हणाले, आणि वहीत तारीख घालून लिहायला घेतलं.